हसू शोधू नकोस, गंभीर माणूस शोध

आधी प्रश्न सांगते, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. गुहागरकडची एक मुलगी आहे, नोकरी सांभाळून लिहिते. तिचं म्हणणं असं की, "रोजच्या जगण्यात विनोद भरलेला असतो असं सगळेच सांगतात, मला मात्र तो दिसत नाही. आठवणी लिहायला घेतल्या की रडक्या होतात, सिनेमा बघून हसते पण का हसले ते कळत नाही, आणि निसर्गात तर विनोद कसला असणार? तुम्ही इतकी वर्षं कथाकथन करताय, मालवणी एकांकिका लिहिताय, तुम्ही नेमकं बघता कुठे?"

वयाने लहान आहेस म्हणून सरळ अगंतुगं करते, राग मानू नकोस. तर मी विनोद बघतच नाही. मी गंभीर माणूस बघते. जो माणूस आत्ता ह्या घडीला एखाद्या गोष्टीबद्दल अगदी मनापासून गंभीर आहे, इकडेतिकडे बघत पण नाहीये, त्याच्या बाजूला जाऊन गप उभं राहायचं, बस. जो मुळात हसवायलाच बसलाय त्याच्याकडे माझं फारसं लक्ष नसतं. लग्नात असा एक जण असतोच, तो हसवतो, लोक हसतात, आणि घरी येऊन लिहायला बसलं की हाताला काही लागत नाही.

एक उदाहरण जरा नीट सांगते. कुडाळच्या बाजूला एका ओळखीच्या घरी मयत झालं होतं, घरातले आबा गेले, वय झालेलंच होतं. आता आपल्याकडे तिसऱ्या दिवसापासून बॅनरचा विषय निघतोच, भावपूर्ण श्रद्धांजली, बाराव्याला नाक्यावर लागायला पाहिजे, नाहीतर लोक काय म्हणतील. फोटो शोधायला घेतला तर आबांचा एकच बरा फोटो निघाला, तो पुतणीच्या लग्नातला, त्यात त्यांनी कोणाचातरी गॉगल लावलेला. बाकी सगळ्या फोटोंत ते एकतर पाठमोरे नाहीतर जेवतायत. मग फ्लेक्सवाल्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि घरातली दहाबारा माणसं ओटीवर गंभीर चेहऱ्याने बसलेली. मुलाने विचारलं, गॉगल काढूक येता काय? तिकडून फ्लेक्सवाला म्हणाला, "काढूक येता रे, पण खाली डोळे नाय आसत. दुसऱ्या कोणाचे तरी लावचे लागतले." सगळे विचारात पडले, खरंच विचारात पडले. मग एक म्हातारे म्हणाले, "भावाचे लाय मरे, दोघांचे सारकेच आसत." आणि आबांचे धाकटे भाऊ, जे दोन दिवस कोपऱ्यात खुर्चीवर एक शब्द न बोलता बसून होते, ते एकदम ताठ झाले आणि म्हणाले, "माझे नको हां. माका अजून व्हये आसत."

पहिलं कोण हसलं असेल? आबांची बायको. आतून, दाराआडून, तोंडाला पदर लावून. मग ओटी हसली. बॅनर गॉगलसकटच लागला.

आता ह्यात बघ, विनोद कोणीच केलेला नाही. फ्लेक्सवाला टेक्निकल अडचण सांगतोय, म्हातारे त्यावर तोडगा सांगतायत, आणि भाऊ तर जिवाच्या भीतीने बोलले, मेलेल्या माणसाला आपले डोळे द्यायचे म्हणजे अपशकुन की नाही. प्रत्येक जण आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर आहे. हे लिहिताना तू जर "भाऊ मिश्कीलपणे म्हणाले" असं लिहिलंस तर संपलं, सगळा किस्सा मेला, कारण ते मिश्कील नव्हतेच. नवीन लिहिणाऱ्यांची निम्मी गाडी इथेच घसरते, पात्राला विनोद कळलाय असं दाखवतात. वाचकाला कळला पाहिजे, पात्राला कळता कामा नये.

आणि हे फक्त माझं खूळ नाही. अमेरिकेत रॉबर्ट प्रोव्हाईन म्हणून एक मेंदूशास्त्रज्ञ होते, त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मॉलमध्ये, रस्त्यावर, कॉलेजात लोक कधी हसतात ते चोरून टिपून ठेवलं, साधारण 1200 हसण्याचे प्रसंग. तर त्यात ज्या वाक्यानंतर लोक हसले त्यातली जेमतेम 10 ते 20 टक्के वाक्यं विनोद म्हणता येतील अशी निघाली. बाकी सगळी "बरं चल, निघते मी" आणि "हा बघ आला" छापाची. वर त्यांचं असंही निरीक्षण की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या साधारण तीस पट जास्त चार माणसांत हसतो. म्हणजे हसू वाक्यात नसतं, माणसामाणसांच्या मध्ये कुठेतरी असतं. म्हणून फोनवर येणारे तयार चुटके वाचून तुला लिहिता येणार नाही, तो नाद सोड.

आपल्याकडे भरतमुनींनी पण नाट्यशास्त्रात म्हणून ठेवलंय की हास्य शृंगारातून निघतं, शृंगाराची नक्कल केली की हास्य होतं, आणि पुढे त्यावर टीका लिहिणाऱ्या अभिनवगुप्ताने ते आणखी ताणलं, कुठलाही रस जागेवरून थोडा सरकला, खऱ्याऐवजी त्याचा आभास झाला, की हास्य. शोकाचं पण तेच. ओटीवर शोक होताच की, फक्त तो डोळ्यांच्या अदलाबदलीपर्यंत सरकला. (नाट्यशास्त्रातच भरतमुनींनी हसण्याचे सहा प्रकार दिलेत, स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिले दोन उत्तम माणसांचे, मधले दोन मध्यमांचे, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत, कुशी धरून हसणारे ते अधम. आमची अख्खी वाडी अधमात जाते.)

आता कुठे उभं राहायचं ते सांगते. जिथे लोक नियम पाळतात तिथे. वाडीची मीटिंग, सोसायटीची जनरल बॉडी, मासळी बाजार, लग्नाची याद, देवळातला कौल, आणि आपलं गाऱ्हाणं. गाऱ्हाण्यासारखी जागा नाही बघ. एक जण देवापुढे उभा राहून मोठ्याने मागणं घालतो, बाकीचे प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणतात, ठेका ठरलेला असतो. एका घरी गणपतीसमोर गाऱ्हाणं चाललेलं, बा देवा म्हाराजा, ह्या घरातल्या झिलाक नोकरी लागांदे, होय म्हाराजा, चेडवाचा लगीन होवंदे, होय म्हाराजा, आणि घरधन्याची संध्याकाळची सवय सुटांदे म्हाराजा. शांतता. जे "होय म्हाराजा" म्हणणारे होते तेच रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर बसणारे. आणि मग स्वयंपाकघराच्या दारातून एकटा, बारीक, पण अगदी ठाम आवाज आला, "होय म्हाराजा." त्या बाईने आयुष्यात कधी जोक सांगितला नसेल.

मासळी बाजारातलं तुला ठाऊक असेल, आपण जाऊन विचारतो, मावशी बांगडो ताजो आसा मां? मालवणात एकीने माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाला सांगितलं, "तुमी येईसर जितो होतो," तुम्ही येईपर्यंत जिवंत होता म्हणे. तिला अपमान वाटला होता, स्वतःचा नाही, बांगड्याचा.

असं काही कानावर पडलं की त्याच दिवशी लिहून ठेवायचं, आणि गोळाबेरीज नाही, शब्द लिहायचे. "डोळ्यांवरून गंमत झाली" असं लिहून ठेवलंस तर महिन्याने ती नोट उघडून तू स्वतःच विचारशील कसली गंमत. ह्याला कारण आहे. फ्रेडरिक बार्टलेट नावाच्या केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञाने 1932 मध्ये एक पुस्तक काढलं, त्यात त्याने इंग्रज लोकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक विचित्र भुताखेतांची गोष्ट वाचायला दिली आणि नंतर पुन्हा पुन्हा आठवून लिहायला लावली. तर प्रत्येक खेपेला गोष्ट जास्त शहाणी होत गेली. सील मारायला गेलेले लोक साधे मासे धरायला गेले, झाडाच्या बुंध्याची होडी होती तिची नेहमीची बोट झाली, जे जे चमत्कारिक होतं ते गळलं. आपलं डोकं आठवणीला इस्त्री करतं, आणि आपल्याला नेमकी सुरकुती पाहिजे असते. गॉगल आधी विसरला जातो, श्रद्धांजली लक्षात राहते. म्हणून तुझ्या आठवणी रडक्या होतात, त्या मुळात रडक्या नसतीलच, नुसत्या इस्त्री झालेल्या असतील.

आठवण लिहिताना आणखी एक करायचं, आजच्या वयाने त्या वेळच्या स्वतःकडे कौतुकाने बघायचं नाही. "आम्ही किती वेडे होतो ना तेव्हा" हे वाक्य ज्या लेखात आलं तो लेख मी तिथेच ठेवून देते. तेव्हा आपण वेडे नव्हतो, तेव्हा ते सगळं जीवनमरणाचं होतं, तसंच लिहायचं. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे पूजेला व्हिडिओ आणायचे, भाड्याने टीव्ही, व्हीसीआर आणि रात्रभर तीन पिक्चर. अंगणात अख्खी वाडी, पुढे पोरं, मागे बायका, आणि लाईट जाणार हे नक्कीच. एकदा अगदी शेवटाला, व्हिलन हिरोच्या आईला बांधून उभा आणि लाईट गेली. कोणी उठेना. मग वाडीतल्या एकाने, जो मुंबईला मिलमध्ये होता आणि ज्याने तो पिक्चर म्हणे टॉकीजला दोनदा बघितलेला, त्याने अंधारात पुढची गोष्ट सांगायला घेतली, फायटिंगच्या आवाजासकट. आई सुटली, व्हिलन विहिरीत पडला, हिरोचा हरवलेला भाऊ पोलीस निघाला, बायका रडल्या, सगळं झालं. आणि मग लाईट आली. आणि पिक्चर पुढे सुरू झाला तर त्यात विहीरच नाही. भाऊ नाही. व्हिलनला चक्क अटक झाली आणि पाटी आली समाप्त. लोक जे भडकले, ते त्या मिलवाल्यावर नाही, व्हिडिओवाल्यावर. "शेवट बदलल्यानी हेंनी! ह्यो तो पिच्चर न्हय!" त्याचे पैसे अडकवून ठेवले, पहाटेपर्यंत वाद. आणि तो मिलवाला सगळ्यात जास्त तावातावाने भांडत होता, कारण तोपर्यंत त्याचा स्वतःचा पण विहिरीवर विश्वास बसलेला.

मी त्या वेळी हसले नव्हते. मला पण विहीरच पाहिजे होती. लिहिताना मी ती बाजू सोडली नाही, म्हणून तो किस्सा कथाकथनात अजून चालतो.

सिनेमाचं विचारलंस, की हसते पण का ते कळत नाही. सोपं करून बघ, आवाज बंद करून बघ. चार्ली चॅप्लिनचा 1925 चा गोल्ड रश, त्यात तो उपाशी आहे, बर्फात अडकलाय, आणि स्वतःचा बूट शिजवून खातो. बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा केलेला होता, ते सोड. तो खातो कसा ते बघ. बुटाची नाडी शेवयांसारखी काट्याला गुंडाळतो, खिळे हाडं चोखावीत तसे चोखतो, एकदम खानदानी जेवण. तोंडं वेडीवाकडी केली असती तर तो नुसता भुकेला विदूषक झाला असता. तो टेबल मॅनर्स पाळतोय म्हणून आपण हसतो, आणि पोटात थोडं तुटतं पण. बस्टर कीटन तर त्याच्याही पुढचा, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. 1928 च्या एका सिनेमात वादळात अख्ख्या घराची दर्शनी भिंत त्याच्या अंगावर पडते आणि तो नेमका खिडकीच्या भोकात उभा असल्याने वाचतो, ती भिंत खरी होती, ट्रिक नव्हती, इंचांचा हिशोब होता. आणि त्याचा चेहरा तसाच.

आपला अशी ही बनवाबनवी घे, 1988 चा. सगळे साडीच्या सीनला हसतात, पण तो सिनेमा उभा कशावर आहे? भाड्याने खोली मिळत नाही, जिथे मिळते तिथे जोडपीच पाहिजेत. ही अडचण इतकी खरी आहे की पुढचा सगळा अतिरेक चालून जातो. नुसती मजा म्हणून पुरुषांनी साडी नेसली असती तर दहा मिनिटांत कंटाळा आला असता. आणि वस्त्रहरणबद्दल तर मी काय बोलू, गंगाराम गवाणकरांनी लिहिलं, मच्छिंद्र कांबळींनी तात्या सरपंच केला, 1980 ला आलं आणि मालवणी बोलीला मुंबईच्या थिएटरांत मान मिळाला. गावातली मंडळी नाटक करायला निघतात, नाटक महाभारतातलं, आणि एक एक गोष्ट बिघडत जाते. बिघडते म्हणून हसू येतं असं वाटतं, पण नीट बघ, त्यातला एक जण पण नाटक वाईट करायला आलेला नाही. सगळ्यांना नाटक चांगलंच करायचंय!

दशावतार जवळून बघत जा. आता तुम्हा गुहागरकडच्यांचं नमन-खेळे वेगळे, पण दशावताराला सिंधुदुर्गात ये, त्रिपुरी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू होतात, कुठलंही देऊळ चालेल. लिहिलेली संहिता नसते, कथा काय ते आधी ठरतं आणि संवाद उभ्या उभ्या रचायचे. आडदशावतारात, म्हणजे मुख्य कथेच्या आधीच्या भागात, संकासुर येतो, काळा वेष, वेद चोरलेला राक्षस, आजूबाजूचे देव शुद्ध भाषेत बोलतायत आणि हा मालवणीत गावकीतल्या भानगडी काढतोय. तो हसवतो हे सगळ्यांना दिसतं. मी तुला सांगते, त्याच्याकडे बघू नकोस, ब्रह्मदेवाकडे बघ. जो नट ब्रह्मदेव झालाय त्याला स्वतःला हसू आवरायचंय, पुढे मंडपात त्याचे गाववाले बसलेत, आणि समोरचा आज काय बोलेल हे त्याला पण माहीत नाही. तरी तो ब्रह्मदेवच राहतो. तो एकदा फुटला की संकासुराचा विनोद गेला. ज्याला आपण टायमिंग म्हणतो ना, ते निम्मं ह्या न हसणाऱ्याचं असतं, आणि नाव होतं दुसऱ्याचं.

निसर्गात विनोद कसला, असं तू लिहिलंस, ते वाचून मला जरा गंमत वाटली, कारण तू खाडीजवळ राहतेस. सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी चिखलाकडे जाऊन बस. ते छोटे खेकडे असतात, नराची एक नांगी अवाढव्य, जवळपास शरीराएवढी, आणि दुसरी काडीसारखी. मोठी नांगी तो हलवत बसतो, मादीने बघावं म्हणून आणि दुसऱ्या नराने घाबरावं म्हणून. पण तिने खाता येत नाही! खायचं त्या काडीनेच. मादी बाजूला दोन्ही हातांनी निवांत जेवतेय आणि हा एका हाताने, दुसऱ्या हाताने इम्प्रेशन मारणं चालू. पुढची गोष्ट तर अशी की भांडणात ती मोठी नांगी तुटली तर नवीन येते, काही जातींत ती दिसायला तेवढीच मोठी, पण हलकी, आत जोर नाही. आणि समोरच्या नराला नुसतं बघून ते ओळखता येत नाही, तो घाबरून निघून जातो. अभ्यासकांनी हे तपासलंय. आपल्याला अशी माणसं माहीत नाहीत असं नाही, पण लिहिताना तो शब्द उच्चारायचा नाही. "जसे आपले पुढारी" असं लिहिलंस की खेकडा मेला आणि पुढारी पण मेला. नुसता खेकडा लिही, नीट लिही, वाचणारा बरोबर ज्याचं त्याचं नाव घालून घेतो.

किंवा सुगरण पक्षी घे. घरटं बांधतो नर. अर्धं बांधून झालं, हेल्मेटच्या आकाराचं, की मादी तपासणीला येते, आत जाते, ओढून बघते, पसंत नाही पडलं की निघून जाते. पसंत पडलं तर तो उरलेलं बांधतो, आणि तिकडे ती अंड्यांवर बसली की हा पुढच्या साईटवर दुसरं घरटं बांधायला मोकळा. हे नीट कोणी बघितलं? सलीम अलींनी, आपल्याच किनाऱ्यावर, किहीमला. 1930 साली ते जर्मनीहून शिकून परत आले तर मुंबईच्या म्युझियममधली त्यांची नोकरी गेलेली, पैसे नाहीत म्हणून जागाच रद्द. मग किहीमला जाऊन राहिले आणि सुगरणींची वसाहत बघत बसले. चांगला शिकलेला, लग्न झालेला, बिनपगारी माणूस रोज सकाळी उठून पक्ष्यांची बायको घर पसंत करते की नाही ते लिहून काढतोय, गावात काय बोलत असतील विचार कर. त्या नोंदींनीच त्यांचं नाव झालं. गंभीरपणा म्हणजे हा.

पंचांगातल्या पावसाच्या वाहनांबद्दल एक वेगळाच लेख होईल, यंदा मृगाचं वाहन गाढव आहे की बेडूक ह्यावर दोन शिकलेले लोक छत्री घेऊन किती वेळ भांडतात ते बघितलंय मी. आत्ता सोडते.

एक मात्र सांभाळ, ते म्हणजे वेळ. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्याकडे छपरं उडाली, माड पडले, कितीतरी दिवस लाईट नव्हती. त्या वेळी आमच्या वाडीत एक जण गावभर पत्रे ओळखत फिरत होता, हातात टेप, उडालेल्या पत्र्याची भोकं आपल्या घराच्या रिपांशी जुळतात का ते मोजायचा आणि म्हणायचा, ह्यो माझो. दुसरा म्हणायचा, न्हय, माझो. पहिल्या आठवड्यात हे बघून कोणाला हसू आलं नाही, मला पण नाही, कारण आकाशात ढग होते आणि डोक्यावर पत्रा नव्हता. गणपतीत तोच माणूस ते नकलेसकट सांगत होता. ह्याचा पण अभ्यास झालाय. 2012 मध्ये अमेरिकेत सँडी वादळ आलं, त्यावरचे विनोद लोकांना कधी सगळ्यात जास्त हसवतात ते पीटर मॅकग्रॉ आणि त्यांच्या मंडळींनी वेळोवेळी तपासलं. सुरुवातीला हसू ओसरलं, मग वाढत जाऊन साधारण 36 व्या दिवशी सगळ्यात वर गेलं, आणि नंतर परत उतरलं. म्हणजे फार लवकर पण नको आणि फार उशीर पण नको. कोकणातला माझा अंदाज विचारशील तर ज्याचं नुकसान झालंय त्याने पहिल्यांदा स्वतः सांगितलं की दार उघडलं. त्याच्या आधी तू सांगायचं नाहीस. आबांच्या घरी त्यांची बायको हसल्या म्हणून मी हे आज लिहितेय, त्यांना विचारून, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून. गावात राहून लिहायचं असेल तर हे पथ्य पाळावंच लागतं, परत त्याच बाजारात बांगडे घ्यायचे असतात.

आता तू सोबत जो परिच्छेद पाठवलायस त्याबद्दल. "आमचे काका म्हणजे एक अफलातून वल्ली! दरवर्षी गणपतीला मुंबईहून आले की घरातले नळ दुरुस्त करायला घेतात आणि मग जी धमाल उडते ती विचारूच नका!"

मी विचारणार. तू "विचारूच नका" म्हणालीस तिथेच तर लेख होता. अफलातून काढ, वल्ली काढ, धमाल काढ, उद्गारचिन्हं काढ. काकांना नळ खरंच दुरुस्त करायचाय, वर्षभर दुसऱ्यांच्या नळाचं पाणी पिऊन आलेला माणूस आहे, गावच्या घरासाठी काहीतरी करावं हे त्यांना मनापासून वाटतं, ते वाटणं आधी मान्य कर. मग काकांना सोडून बाकीच्या घराकडे बघ. पाना बाहेर निघाला की कोण काय करतं? मी नुसतं अंदाजाने लिहून दाखवते:

काकांनी पिशवीतून पाना काढला. काकी काही बोलल्या नाहीत, उकडीचे हात धुतले आणि दोन्ही हंडे नळाखाली लावले. आजीने देवघरातला तांब्या भरून घेतला. धाकट्याला अंघोळीला पिटाळलं, त्याची सकाळी झाली होती तरी. काका म्हणाले, दहा मिनिटांचं काम आहे. बाबांनी विहिरीवरच्या रहाटाला तेल घातलं.

ह्यात नळ अजून उघडला पण नाहीये. तुझ्या घरी ह्यातलं काय होतं आणि काय वेगळंच होतं ते मला माहीत नाही, ते तू काकींना विचार, काकांना नको, काका तुला वॉशरबद्दल सांगतील. आणि लिहून झालं की परत पाठव, पण गणपती झाल्यावर पाठव, त्या पाच दिवसांत आमच्याकडे आमचे भावोजी आलेले असतात आणि मी पाणी भरण्यात असते.